पिंपळखडीच्या तलावातलं पाणी

ते पाणी आराधना पारखेनं एकवीस दिवस खपून बनवलं होतं, आणि पुढं तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच, की ते फार चांगलं जमलं होतं.

पुण्यातल्या एका स्टुडिओत सहा वर्षं ती पाणीच करत होती. सिनेमात जहाज बुडतं, धरण फुटतं, कुणीतरी तळ्यात पाय सोडून बसतं. त्यातलं पाणी बऱ्याचदा खरं नसतं. कॉम्प्युटरपुढं बसून कुणीतरी ते तयार केलेलं असतं. आराधना त्या कुणीतरींपैकी एक. स्टुडिओ बंद पडला तेव्हा ती राहुरीला वडिलांकडे परत आली, वरच्या खोलीत आपलं मशीन मांडलं आणि मिळतील ती कामं घेऊ लागली. बिल्डरच्या जाहिरातीतले पोहण्याचे तलाव, लग्नाच्या व्हिडिओतली कारंजी, असलं.

जानेवारीत गोरक्ष वाबळे आला. तो एका ठेकेदार कंपनीचा साइटवरचा माणूस होता. नेवाशाकडच्या पिंपळखडी गावाला पिण्याच्या पाण्यासाठी त्यांनी साठवण तलाव बांधला होता.

"तलाव तयार आहे, मॅडम. पाणी तेवढं यायचंय," तो म्हणाला. "भरल्यावर कसा दिसेल ते गावाला दाखवायचंय. नकाशा दाखवला तर लोकांना काही कळत नाही."

त्यानं ड्रोननं काढलेलं शूटिंग दिलं. चौकोनी खड्डा, त्यात अंथरलेला काळा प्लॅस्टिकचा कागद, पलीकडच्या काठावर भैरोबाचं पांढरं देऊळ. यात पाणी भरायचं होतं.

पाणी भरायचं म्हणजे निळा रंग ओतायचा नाही. तलावाचं पाणी आणि समुद्राचं पाणी एक नसतं. दुपारी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या काठाशी पाणी जवळजवळ सपाट असतं आणि समोरच्या काठापर्यंत जाता जाता त्यावर बारीक सुरकुत्या वाढत जातात. काठावर उभं राहून पायाशी पाहिलं तर तळ दिसतो, लांब पाहिलं तर आभाळ. आराधनाला हे पुस्तकातून माहीत होतं, तरी ती तीन दुपारी मुळा धरणाच्या कालव्यावर जाऊन बसली आणि मोबाईलवर नुसतं पाणी काढून आणलं. एका कोपऱ्यात वाऱ्यानं लोटलेला पाला आणि फेस तिनं केला. देवळाचा कळस पाण्यात पाडला, आणि सुरकुती आली की तो तुटेल, परत जुळेल असं केलं. कागदाच्या काठावर, पाणी जिथं चाटून मागं जातं तिथं, दोन बोटं उंचीचा ओला पट्टा केला. तो पट्टा कुणी पाहणार नव्हतं. पण तो नसता तर बघणाऱ्याला काहीतरी खटकलं असतं, आणि काय खटकतंय ते सांगता आलं नसतं.

तिचे वडील, एलिया सर, एकदा चहा घेऊन वर आले आणि कप हातात तसाच धरून उभे राहिले. पिंपळखडीच्या शाळेत त्यांनी अकरा वर्षं नोकरी केली होती.

"हा आपला भैरोबा!" ते म्हणाले. "एवढं पाणी कधी आलं?"

"आलं नाही, पप्पा. मी केलंय."

सर वाकून स्क्रीनजवळ गेले आणि हसले. "मीसुद्धा फसलो की गं."

तेव्हा तिला ते फार बरं वाटलं होतं.

तिनं व्हिडिओच्या खालच्या कोपऱ्यात 'संकल्पचित्र' असं लिहिलं होतं. फाइल पाठवल्यावर तासाभरात गोरक्षचा फोन आला. पाणी एक नंबर झालंय, साहेब लोक खूश आहेत, फक्त ते कोपऱ्यातलं जरा काढा, मोठ्या पडद्यावर घाण दिसतं.

"मग हे खरं नाही, हे लोकांना कळणार कसं?" तिनं विचारलं.

"आम्ही माईकवर सांगणारच आहे ना, मॅडम."

चार मिनिटांचं काम होतं. तिनं ते केलं आणि विसरून गेली.

एप्रिलच्या शेवटी, सकाळी नाश्त्याला बसले असताना, एलिया सर मोबाईल हातात धरून काहीतरी ऐकत होते. पिंपळखडीच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर रोज सकाळी फुलं आणि सुविचार येत. आज एका बाईचा आवाज होता, आणि ती जवळजवळ ओरडत होती.

"सर, मी छबू बोलती. तुमच्या हाताखाली चौथीपत्तर शिकल्याली. सर, ह्यो वरचा इडिओ खोटा हाय. तळ्यात थेंब न्हाई. मागं कालव्याचं पानी सोडलं हुतं, तर आठ दिसांत कागदाखालनं समदं जिरलं. आन् ह्यो इडिओ दाखवून आमचा टँकर बंद केला. तळं भरलंय तर टँकर कशाला, म्हनत्यात. मी तालुक्याला गेल्ते, तर सायबानं मलाच मोबाईल दाखवला. म्हनला, ह्यो तुमचाच भैरोबा हाय का न्हाई? म्हनलं, व्हय. मग पान्यात दिसतोय की, म्हनला, कशाला खोटं बोलता. सर, मी तिथनं घरी न्हाई गेले. सरळ तळ्यावर गेले. मला वाटलं, माझंच डोळं गेलं का काय. खाली उतरून हात लावून बघितला, सर. कोरडं ठाक हाय. मी खोटं बोलत न्हाई. तुमी तरी सांगा कुनाला तरी."

आराधनानं वडिलांच्या हातातून मोबाईल घेतला. वरचा व्हिडिओ लावला.

कळस पाण्यात तुटत होता, जुळत होता. तिचाच. कोपऱ्यातला फेस तिचा, ओला पट्टा तिचा. त्यांनी त्याला ड्रोनच्या घरघरीचा आवाज जोडला होता. आणि जिथं 'संकल्पचित्र' होतं, बरोबर त्या जागी आता बारीक पांढऱ्या आकड्यांत लिहिलं होतं: १२ मार्च, सकाळी ९ वाजून ४० मिनिटं. खाली मजकूर: पिंपळखडी साठवण तलाव शंभर टक्के भरला. योजना पूर्ण.

तिनं तिथंच उभ्या उभ्या गोरक्षला फोन लावला.

"बोला मॅडम! बऱ्याच दिवसांनी."

"माझ्या व्हिडिओवर तारीख कुणी टाकली?"

"कुठली तारीख?"

"बारा मार्च. नऊ चाळीस. नऊ चाळीसला ऊन पूर्वेकडून असतं, गोरक्षभाऊ. माझ्या पाण्यावर ते पश्चिमेकडून आहे. मी ते दुपारी साडेचारचं केलंय. खोटं करायचं तर निदान बघून तरी करायचं."

तो हसला. त्या हसण्यानं ती जास्तच भडकली.

"मॅडम, एवढं कोण बघतं? तलाव आज ना उद्या भरणारच आहे. ऑफिसला काम पूर्ण झाल्याचा व्हिडिओ लागतो, दिला. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? तुम्ही कलाकार माणूस. तुमचं काम एकदम झकास झालंय, सगळे विचारतात कुणी केलं म्हणून."

"तिथं लोकांचा टँकर बंद झालाय."

"टँकरचं आपल्याकडे नसतं, मॅडम. ते दुसरं खातं."

"आजच्या आज तो व्हिडिओ मागं घ्या."

"बरं, बोलतो मी साहेबांशी," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. तिनं परत लावला तर उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिचा नंबर त्यानं ब्लॉक करून टाकलेला होता.

एलिया सर सगळं ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं. "त्यावर तू लिहिलं नव्हतंस का, हे खरं नाही म्हणून?"

"लिहिलं होतं."

"मग?"

"काढलं. त्यांनी सांगितलं म्हणून."

"त्यांनी सांगितलं म्हणून," सर म्हणाले. मग आणखी एकदा, मोठ्यानं, "त्यांनी सांगितलं म्हणून!" आणि हातातली बशी त्यांनी टेबलावर अशी आपटली की तिचा टवका उडाला. आराधनाच्या आठवणीत त्यांनी घरात कधी आवाज चढवला नव्हता. ती काही बोलणार तोच ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि दारातून म्हणाले, "गाडी काढ. तिच्या तोंडावर सांगायचं हे. मोबाईलवर नाही."

शिंगणापूरच्या रस्त्यानं ते घोडेगावात आले तर तिथं जनावरांचा बाजार होता. म्हशींनी भरलेले टेम्पो रस्त्यावर आडवे लागले होते आणि वाट काढायला अर्धा तास गेला. सर स्कूटरवर तिच्या मागं बसले होते. उन्हानं आराधनाचे हात भाजत होते. ती मनातल्या मनात गोरक्षला, त्याच्या साहेबाला, त्या नऊ चाळीसला शिव्या घालत होती, आणि प्रत्येक शिवी फिरून तिच्या त्या चार मिनिटांवर येऊन थांबत होती.

छबूबाईचं घर वस्तीच्या टोकाला होतं. पन्नाशीची, काटक बाई. अंगणात दोन निळे ड्रम आडवे पडलेले, तोंडं उघडी. सरांना पाहून ती धावत आली, पाया पडली, घोंगडी अंथरली आणि आतून पाण्याचा तांब्या आणला. सरांनी दोन घोट घेतले, तांब्या खाली ठेवला.

"छबू, ही माझी मुलगी. हिला तुला काही सांगायचंय."

आराधनानं वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी गेली.

"मावशी, त्या व्हिडिओतलं पाणी मी केलंय."

"केलंय म्हंजी?"

"कॉम्प्युटरवर बनवलंय. त्यांनी रिकाम्या तलावाचं शूटिंग दिलं. त्यात मी पाणी घातलं. देऊळ पाण्यात दिसतं ना, तेही मीच केलं. ते खरं नाही असं त्यावर लिहिलेलं होतं, तेसुद्धा मी काढलं."

छबूबाई तिच्याकडे बघत राहिली. मग सरांकडे. मग परत तिच्याकडे.

"तू केलंस."

"हो."

"सरांच्या पोरीनं."

आराधनानं होकारार्थी मान हलवली.

"मी त्या तळ्यात उतरले," छबूबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "येड्यावानी. कागदाव बसून हातानं चाचपत हुते, पानी हाय का म्हून. गुराखी पोरं वर हुबी राहून हसत हुती. घरी येऊन मी सुनंला इचारलं, मला बरुबर दिसतंय का गं? आन् त्यो सायेब मला म्हनतो, म्हातारे, चष्मा लाव." तिनं तांब्या उचलला, सरांपुढं परत केला. "तुमी घ्या, सर." आराधनापुढं तिनं तो केला नाही. उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवून दिला.

"मावशी, मी माफी…"

"माफी ठिव तुझ्यापाशी!" आता ती ओरडलीच. "माफीनं ड्रम भरत्यात का? एक तारखेला ग्रामसभा हाय. त्यो सायेब येनार हाय, त्यो वाबळ्या बी येनार हाय. तिथं समद्यांम्होरं बोल. मग बघू."

एक मेला सकाळी झेंडा झाला आणि शाळेच्या मोठ्या वर्गात ग्रामसभा बसली. खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला होता, पडदा लावला होता. पुढच्या खुर्च्यांवर पाणी योजनेचे उपअभियंता, म्हणजे छबूबाईला तालुक्याला भेटलेले तेच साहेब, सरपंच अमृत, आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या शर्टातला गोरक्ष. बायका खाली, मागच्या बाजूला. सरपंचानं आधी तो व्हिडिओच लावला. लोक कुजबुजले. एकजण मागून ओरडला, "कुठलं तळं हाय हे, काश्मीरचं का?" हशा झाला. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि योजना पूर्ण झाल्याचं निवेदन वाचायला घेतलं.

आराधना उठली, पुढं गेली, आणि प्रोजेक्टरची वायर काढून आपल्या लॅपटॉपला लावली. गोरक्ष अर्धवट उठला. "मॅडम, हे काय चाललंय?"

"तुम्ही बसा," ती म्हणाली.

पडद्यावर तोच तलाव आला, पण आता त्याभोवती रेघा, आकडे, बटणं होती. "हे पाणी मी राहुरीला माझ्या घरी बसून केलंय," ती म्हणाली. "बघा." तिनं एक आकडा बदलला आणि पाणी हाताहातानं खाली गेलं, तळ उघडा पडला. दुसरा बदलला, पाणी वर चढलं, काठ ओलांडून शेतात गेलं, देवळाच्या पायरीला लागलं. तिसरा बदलला आणि सगळा तलाव दुधासारखा पांढरा झाला. माणसं उभी राहून बघायला लागली. पोरांनी टाळ्या पिटल्या. तिनं पाणी लाल केलं, मग पार काढून टाकलं. राहिला तो काळा कागद.

"एवढंच खरं आहे," ती म्हणाली. "हे शूटिंग बारा मार्चचं नाही, मला ते जानेवारीतच मिळालं होतं. ही तारीख यांनी घातलीय."

वर्गात एकदम गलका झाला. छबूबाई उभी राहून हातवारे करत काहीतरी बोलत होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. घाईत नव्हते ते.

"तुमचं नाव?"

तिनं सांगितलं.

"फार सुंदर काम आहे, मॅडम. कौतुकच करायला पाहिजे. म्हणजे तुम्ही कॉम्प्युटरवर भरलेला तलाव दाखवू शकता, रिकामा दाखवू शकता, दुधाचाही दाखवू शकता." ते लोकांकडे वळले. "मग मी म्हणतो, आता यांनी रिकामा दाखवला, तो खरा कशावरून? आमच्याकडे आलेला व्हिडिओ खरा असेल, आणि त्यावरून यांनी हे बनवलं असेल. मी कुणावर विश्वास ठेवायचा? रेकॉर्डवर आहे त्यावरच ना?"

गोरक्षनं मान डोलावली.

सहा वर्षं ती जे शिकली, ज्याच्यासाठी तिनं डोळे फोडून घेतले, ते त्या माणसानं तिच्याच गळ्यात अडकवलं होतं. तिला लॅपटॉप उचलून त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. तिच्या हातांनी तो उचललाही. मग तिनं तो खाडकन मिटला.

"साहेब, तलाव इथून सव्वा किलोमीटर आहे," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. व्हिडिओवर ठेवू नका. सव्वा किलोमीटर चला. पाय आहेत, गाडी आहे. सव्वा किलोमीटर जायचं सोडून तुम्ही इथं अंधार करून पडद्यावर पाणी बघताय!"

"माझा पुढचा कार्यक्रम आहे," साहेब म्हणाले आणि उठले. "लेखी तक्रार द्या. टपालात घेऊ."

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या जीपच्या पुढच्या सीटवर छबूबाई बसली होती. मांडीवर हात, नजर समोर. ड्रायव्हर बाजूला उभा राहून डोकं खाजवत होता.

"अहो बाई, उतरा."

"चला," छबूबाई म्हणाली. "मला डोळ्यानं नीट दिसत न्हाई, सायेब. तुमीच म्हनला हुता. तुमच्या डोळ्यानं मला दाखवा पानी."

तोवर वीस-पंचवीस बायका जीपच्या पुढं येऊन मातीतच बसल्या होत्या. कुणी घोषणा दिली नाही. नुसत्या बसल्या. साहेबांनी सरपंचाकडे पाहिलं. सरपंचानं आधी गोरक्षकडं पाहिलं, मग त्या बायकांकडं. त्यांत त्याची आई होती. "साहेब, जाऊन येऊ आपण," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे."

तलावात शेळ्या होत्या. बांधावरून दिसलं ते एवढंच: काळा कागद, जागोजागी फाटलेला, तळाला गाळाच्या वाळून वर आलेल्या खपल्या, आणि सावली धरून बसलेल्या सात-आठ शेळ्या. छबूबाई उतारावरून बसत बसत खाली गेली आणि तळाशी जाऊन उभी राहिली.

"या की, सायेब! खोल न्हाई, बुडनार न्हाई!"

साहेब उतरले नाहीत. ग्रामसेवकानं बांधावरच पंचनाम्याचा कागद काढला. साहेब सांगत गेले, तो लिहीत गेला. पाणीपातळी अपेक्षेपेक्षा कमी आढळून आली.

आराधना त्याच्या खांद्यावरून वाचत होती. "कमी नाही," ती म्हणाली.

"मॅडम, भाषा आमची असते."

"कमी म्हणजे थोडं आहे. कुठं आहे थोडं? दाखवा मला. बोट करा."

एलिया सर इतका वेळ मागं उभे होते. ते पुढं आले, ग्रामसेवकाच्या हातातलं पेन घेतलं नाही, नुसतं कागदावर बोट ठेवलं. तोही एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी होता. "हे खोड," ते म्हणाले. "आणि जे दिसतंय ते लिही."

ग्रामसेवकानं साहेबांकडे न बघता ते खोडलं आणि लिहिलं: तलावात पाणी नाही. साहेबांनी सही करायला बराच वेळ लावला, पण केली. गोरक्ष तलावापर्यंत आलाच नव्हता. तो शाळेतूनच निघून गेला होता.

त्याच कागदाला आराधनानं आपला जबाब जोडला. पाणी मी बनवलं. खरं नसल्याची खूण माझ्या हातानं मी काढून टाकली. हे दुसरं वाक्य तिनं जाड अक्षरात लिहिलं. तो कागद कुणीही उघडला तरी त्याला आधी तेच दिसावं, असं तिला वाटत होतं.

सहाव्या दिवशी पिंपळखडीत टँकर आला. त्याच आठवड्यात आराधनाला कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, की तिनं कंपनीची बदनामी केली आणि कामाची गुप्तता मोडली. तिची तीन कामं आपोआप रद्द झाली. कुणी कारण दिलं नाही. तिनं राहुरीतल्या एका क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात केली आणि नोटिशीला उत्तर पाठवलं, दोन ओळींचं: मी लिहिलेलं खरं आहे. तुमचं पाणी खोटं आहे.

जुलैत चौकशी लागली आणि तिला नगरला बोलावणं आलं. छबूबाईलाही आलं होतं. दोघी एका बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. छबूबाईनं पिशवीतून भाकरी काढली, खाल्ली, उरलेली बांधून ठेवली. आत बोलावल्यावर एका कारकुनानं आराधनाचा जबाब टाइप करून घेतला. मध्येच थांबून, आवाज खाली करून तो म्हणाला, "मॅडम, पण काय भारी बनवलंय हो. माझ्या मेव्हण्याचं रिसॉर्ट आहे, त्याला असंच…"

"टाइप करा," आराधना म्हणाली.

तो ओशाळला. मग त्यानं कॉम्प्युटरवर चार व्हिडिओ उघडले. "हे जरा बघता का? याच कंपनीचे आहेत. दुसऱ्या गावांचे. तिथलेही टँकर बंद आहेत. हेही तुमचेच का?"

चार गावं, चार तलाव, चारही काठोकाठ भरलेले. तिनं पहिल्या पाच सेकंदांतच ओळखलं. हे तिचे नव्हते. तिच्याऐवजी त्यांना दुसरा कुणीतरी मिळाला होता, आणि त्याला कामही येत नव्हतं. पहिल्यात सहा सेकंदांनी त्याच लाटा परत येत होत्या. दुसऱ्यात झाडाची सावली डावीकडे आणि पाण्यावरची चमक उजवीकडे. तिसऱ्यात वारा होता, काठावरचं गवत हलत होतं, आणि पाणी मात्र आरशासारखं. चौथ्याचा काठ पार कोरडा, पाण्यानं त्याला कधी शिवलंच नसावं असा.

आणि हे साध्या डोळ्यांना दिसणारं होतं. इतकं ढोबळ. तरी ते पास झालं होतं, चार सह्या होऊन, चार गावांचे टँकर बंद करून. चांगलं बनवायचीसुद्धा गरज नव्हती त्यांना. कुणी बघतच नव्हतं.

तिचा राग, जो दोन महिन्यांत जरा बसला होता, तो उसळून वर आला.

"तुमचे नाहीत ना?" कारकून म्हणाला. "मग 'माझे नाहीत' एवढं लिहून सही करा. झालं."

"खोटे आहेत. चारही."

"हो, पण तुम्हाला फक्त विचारलंय, तुमचे आहेत की नाहीत."

"मला कागद द्या."

"मॅडम, त्याची गरज नाही, एक ओळ…"

छबूबाई दारात येऊन उभी राहिली होती. ती आत आली, कारकुनाच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यातले मूठभर कागद तिनं न विचारता उचलले आणि आराधनाच्या पुढ्यात आपटले.

"लिही," ती म्हणाली. "गावांची नावं आदी लिही. नीट लिही. मला वाचता आली पाह्यजेत."

आराधनानं पेन घेतलं आणि पहिल्या गावाचं नाव लिहिलं, ठळक, सुट्या अक्षरांत. त्याखाली लिहिलं: या तलावातलं पाणी खोटं आहे, आणि मला ते कशावरून कळतं ते पुढीलप्रमाणे. कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही. ती लिहीत राहिली, आणि छबूबाई तिच्या खांद्याशी उभी राहून एकेक अक्षर लावत वाचत राहिली.